बिनदाराची तालीम

जळगावात अजूनही कुणाच्या मुलाला किंवा नातीला कराट्याच्या क्लासला घालायचं निघालं की एखादा जुना माणूस हमखास म्हणतो, "घाला, पण नीट बघून घाला. आपल्याकडे एक होता ना, जिनिंगवाला. पोराची मान मोडली होती त्यानं." मग बाकीचे माना डोलावतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीतल्या बाकावर बसलेलो असताना हे वाक्य मी पुन्हा ऐकलं. सांगणारा माझाच एके काळचा विद्यार्थी, आता स्वतः आजोबा झालेला. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "हो ना सर? तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे."

मला सगळं ठाऊक आहे, म्हणूनच हे लिहितो आहे. त्या माणसानं कुणाची मान मोडली नव्हती. तो आता या जगात नाही आणि त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी त्याच्यामागे राहिलेलं नाही. बोलू शकेल असा एक मी आहे, आणि मीच इतकी वर्षं गप्प बसलो.

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. बुटका, रुंद माणूस, मान जवळजवळ नाहीच. जुन्या कुस्त्यांमध्ये दोन्ही कान चेपून गेलेले. दिवसा एका कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटरचं काम. पहाटे आणि संध्याकाळी त्याच फॅक्टरीच्या मागच्या पडीक शेडमध्ये मुलांना ज्युदो शिकवायचे. मूळचे धुळ्याकडचे. समोर कलेक्टर कचेरीतला साहेब असो की हमाल, अहिराणीच बोलायचे. कुठे शिकले, कुणाकडे शिकले, हे कधी धड कळलं नाही. एकदा म्हणाले धुळ्याच्या तालमीत, एकदा म्हणाले लष्कराच्या भटारखान्यात भांडी घासताना. दोन्ही खरं असेल.

शेडमधली गादी त्यांनी स्वतः केली होती. खाली केळीची वाळकी पानं, त्यावर जिनिंगमधल्या रुईचा कचरा भरलेली पोती, वर ताडपत्री. पावसाळ्यात तिला कुबट वास यायचा आणि उन्हाळ्यात ती तव्यासारखी तापायची. ताडपत्री उसवली की भाऊ मुलांनाच दाभण द्यायचे. अंगातले जाड मांजरपाटाचे डगलेही मुलांनी स्वतःच शिवायचे. एका वकिलाच्या मुलानं शिंप्याकडून छान डगला शिवून आणला, तर भाऊंनी त्याची बाही खेचून बघितली, ती टर्रकन फाटली, आणि त्यांनी मुलाच्या हातात सुई दिली. वकीलसाहेब संतापले. भाऊ म्हणाले, "शिंपीना डगलावर दुसरा पोरगा लोंबकळी का?" वकिलांना ते समजलं नसावं. मलाही पुढे कित्येक दिवसांनी समजलं. ज्या कापडावर दुसऱ्याचा जीव लोंबकळणार, त्याचा टाका ज्याचा त्यानं घालायचा, असं त्यांचं म्हणणं होतं.

शेडला दारं नव्हती. म्हणजे होती, लोखंडी, मोठी. भाऊंनी ती बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. रस्त्यानं जाणारा कुणीही आत बघू शकायचा. गाई आत यायच्या, पाहिजे तो आईबाप कधीही येऊन पोत्यावर बसायचा. मुलींना ते घरातली एक बाई सोबत बसणार असेल तरच घ्यायचे. ती बाई म्हणजे बहुधा आजी असायची आणि ती तिथे बसून शेंगा फोडायची.

तो काळ ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा. गावात कराट्याची लाट आली होती. थिएटरमध्ये मारामारीचा सिनेमा लागला की दुसऱ्या दिवशी माझ्या मैदानावर निम्मी शाळा हवेत लाथा झाडायची. गल्लोगल्ली क्लास निघाले. पत्र्याच्या बोर्डावर आग ओकणारा ड्रॅगन, खाली शिक्षकाचा डोळे वटारलेला फोटो, शेजारी 'ब्लॅक बेल्ट' आणि त्यापुढचा दर्जा, कितवातरी डॅन. मी एका हायस्कुलात खेळाचा शिक्षक. त्यामुळे पालक मला विचारायचे, "सर, पोराला कुठे घालू? कोण भरवशाचा?" मला वाटायचं, मला कळतं.

भाऊंकडे कुणी गेलं तर मात्र ते आधी परत पाठवायचे. एकदा बँकेतले एक अधिकारी मुलाला घेऊन गेले तेव्हा मी तिथेच होतो.

"तुमचा कितवा डॅन?" साहेबांनी विचारलं.

"मना? काहीच नही. मी तपकिरी पट्टावाला शे." भाऊंनी दाराबाहेरच्या सायकलकडे बोट दाखवलं. तो तपकिरी पट्टा, काळ्याच्या एक पायरी खालचा, कॅरियरवर कडब्याची पेंढी बांधायला वापरला होता.

"मग मुलाला तुमच्याकडे का घालायचं?"

"नका घालू. आधी बठ्ठा क्लास देखी या. हरेकले एकच इचारा, तुमनाकडे आतापावत कोनले लागनं? कोनलेच नही म्हनना, ते तठून उठी या."

साहेब हसले. "आणि तुमच्याकडे कोणाला लागलं?"

"चला, दखाडस."

आणि ते खरंच निघाले. सायकल हातात धरून पुढे भाऊ, मागे स्कूटर ढकलत साहेब, त्यामागे मुलगा, आणि गंमत बघायला मी. दोन गल्ल्या ओलांडून एका शिंप्याच्या घरी. तिथला पोरगा वर्षापूर्वी भाऊंच्या गादीवर वाईट पडला होता आणि त्याच्या गळ्याखालचं हाड मोडलं होतं. भाऊंनी त्याला सदरा काढायला लावला, हाडावरचा उंचवटा साहेबांना बोटानं चाचपायला लावला, आणि कसं पडलास ते सांग म्हणाले. पोरानं पाठ केलेल्या कवितेसारखं सांगितलं. त्याची आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊ, आता याच्या हाडाला तिकीट लावा तुम्ही. निदान साखरेचा खर्च तरी निघंल."

प्रत्येक नव्या पालकाची ही फेरी व्हायची. एक शिंप्याचा पोरगा, एक हातगाडीवाल्याचा, ज्याचा अंगठा निखळला होता, आणि जामनेर रोडकडची एक मुलगी, जिचा पुढचा दात पडला होता. त्यांच्या क्लासमध्ये ज्यांना ज्यांना लागलं त्या सगळ्यांना भेटून मगच नाव घालायचं. निम्मे लोक दुसऱ्याच घरून पळ काढायचे. मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये रंगवून सांगायचो. म्हणायचो, असा दुकानदार बघितलाय का कुठे, जो गिऱ्हाइकाला आधी सडका माल दाखवतो? सगळे हसायचे. हे भाऊंच्या कानावर गेलं असणार. पण बोलले कधी नाहीत.

नाव घातल्यावर पहिला महिना पडायला शिकायचं. पाठीवर, कुशीवर, पुढे. आणि त्याबरोबर दुसरी एक गोष्ट. ती मात्र मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. भाऊ नवीन मुलासमोर मांडी घालून बसायचे आणि डगल्याची कॉलर त्याच्या हातात देऊन म्हणायचे, "आवळ." नऊ वर्षांचं पोर घाबरत घाबरत त्यांचा गळा आवळायचं. भाऊ त्याला नीट आवळायला शिकवायचे, अगदी डोळे लाल होईपर्यंत. मग ते हात गादीवर आपटायचे. हात आपटला की सोडायचं. तत्क्षणी. ज्युदोतला हा सगळीकडचाच नियम आहे, पण भाऊंकडे तो पहिला धडा होता आणि तो मास्तरच्या गळ्यावर शिकायचा होता. दुसऱ्याला पकडण्याआधी सोडायला शिकायचं.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचा मुलगा होता, तालुक्याच्या शाळेतून आमच्याकडे आलेला, धिप्पाड. भाऊंनी हात आपटला, यानं सोडलं नाही. हसत राहिला. भाऊंनी पुन्हा आपटला. मुलं ओरडायला लागली तेव्हा याचे हात सुटले आणि भाऊ आडवे झाले. पाणी मारल्यावर उठले. मला वाटलं, आता कानफटात बसणार. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आते घर जाय. तुले सोडता नही येस. येवाले लागनं की परत ये." त्या मुलाच्या बापानं दोनदा येऊन विनवलं, एकदा फॅक्टरीच्या मालकाकडून सांगून पाठवलं. भाऊंनी घेतलं नाही. मालकाला म्हणाले, "मनी नोकरी तुमनी शे. पोरंसना गळा नही."

आता दुसऱ्या क्लासविषयी लिहिलं पाहिजे, म्हणजे माझ्याविषयी.

आमच्या शाळेच्या हॉलमध्ये एक कराटे क्लास भरायचा. चालवणारा तरुण आमच्या संस्थेच्या सचिवांचा भाचा होता. मुलं त्याला मास्टर म्हणायची. उंच, देखणा, काळा पट्टा. हॉलची दारं आतून बंद करून शिकवायचा. विद्या गुप्त असते म्हणायचा. दर तीन महिन्यांनी पट्ट्याचा रंग बदलायचा, स्थानिक पेपरात फोटो यायचा. त्याच्या हॉलमध्ये हात आपटला तर सोडत नसत. उलट हात आपटणाऱ्याला सगळ्यांसमोर उठाबशा काढाव्या लागत आणि बाकीचे 'भित्री भागूबाई' म्हणून ओरडत. किल्ल्या माझ्याकडे असल्यानं मी आत जाऊ शकायचो. हे सगळं मी पाहिलं होतं. आणि पालकांनी विचारलं की मी त्याच हॉलकडे बोट दाखवायचो. त्या वर्षी शाळेत पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि सचिवांचा शब्द शेवटचा होता. मास्टरकडे मुलं गेली की सचिव मला नावानं हाक मारायचे.

जवळच्या असोदा गावची एक बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली होती. घरची केळीची बाग, नवरा शेतात, बाई एकटीच बसनं आलेली. मुलगा किशोर, आमच्याच शाळेत आठवीत. अंगानं काटकुळा, बसमध्ये थोरली पोरं त्याला त्रास द्यायची. मी तिला मास्टरचा हॉल दाखवला. ती तिथे गेली, आणखी दोन क्लास बघून आली, भाऊंच्या शेडमध्ये गेली, त्यांची ती घरोघरची फेरीही तिनं पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सर, बाकीचे म्हन्ता आमच्याकडं काहीच व्हत नाही. हा बुवा म्हन्तो व्हतं, आनि नेऊन दाखोतो. मी पोरगं याच्याच हाती देते."

शाळा न शिकलेल्या त्या बाईनं स्वतःच्या डोळ्यांनी निवड केली होती आणि ती बरोबर होती.

वर्षभरात किशोर असा पडायला शिकला की बघत राहावं. तिरका, गोल, मांजरासारखा, आवाज न करता. शाळेच्या मैदानावर मुलं त्याला "पड ना रे एकदा" म्हणायची आणि तो पडून दाखवायचा. बसमधला त्रासही संपला. कसा, ते मला ठाऊक नाही. मारामारी झाल्याची तक्रार तरी आली नाही.

स्नेहसंमेलनाच्या आधी काही दिवस भाऊ शाळेत आले. स्टाफरूमच्या बाहेर सायकल धरून उभे राहिले, आत आले नाहीत. मीच बाहेर गेलो.

"सर, किशोरनी मान आखडेल शे. मनाच हातखाले आखडनी. डॉक्टरले दखाडी उनू, त्यानी मायले सांगी उनू. पंधरा दिन काहीच कराना नही. तुमना गॅदरिंगमा त्याले ली जाऊ नका."

मी म्हणालो, "बरं."

पंधरा दिवस विश्रांती, संमेलनात त्याला घेऊ नका, आणि माझं 'बरं', एवढंच बोलणं झालं. जवळ कुणी नव्हतं. शिपाई घंटा द्यायला गेला होता.

संमेलनात मास्टरची प्रात्यक्षिकं होती. पाहुणे मोठे होते, सचिव पहिल्या रांगेत बसणार होते. मास्टरला समोर एक असा मुलगा हवा होता ज्याला फेकलं की दिसायला छान दिसेल. त्याची स्वतःची पोरं धान्याच्या पोत्यासारखी पडायची. तो मला म्हणाला, "सर, तुमच्या शाळेतला तो असोद्याचा द्या." मी किशोरला बोलावलं.

"मान कशी आहे रे?"

"बरी हाये सर. पन भाऊ नाही म्हनले."

"तू शाळेत कुणाचा विद्यार्थी? भाऊंचा की माझा?"

तो खाली बघून म्हणाला, "तुमचा, सर."

दुपारची वेळ होती. मैदानात मांडव, लाकडी फळ्यांचं स्टेज, त्यावर सतरंजी. मी विंगेत उभा होतो, गळ्यात शिट्टी. मास्टरनं किशोरला गुडघ्यांवर बसवलं आणि त्याच्या मानेला मागून हाताचा वेढा घातला. ठरलं होतं की थोडं धरायचं आणि मग फेकायचं. किशोरचा चेहरा बदलला. त्यानं सतरंजीवर हात आपटला. दोनदा. तो आवाज फळ्यांमुळे मला स्पष्ट ऐकू आला. पुढच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारत होती. मास्टरनं हसून प्रेक्षकांकडे बघितलं, जोर आणखी वाढवला, किशोरनं पुन्हा हात आपटला, आणि मग मास्टरनं त्याला तसाच मानेला धरून उचलून फेकला. मुलगा पडायला शिकलेला होता, पण मान दुसऱ्याच्या हातात असल्यावर पडता येत नाही.

शिट्टी माझ्या ओठांत होती. मी वाजवली नाही. सचिव टाळ्या वाजवत होते.

किशोर उठला नाही. मोठ्या इस्पितळात महिने गेले. पायांत हळूहळू शक्ती आली. उजवा हात मात्र कायमचा लुळा राहिला.

संस्थेनं चौकशी ठेवली. मुख्याध्यापकांच्या खोलीत सचिव, मुख्याध्यापक, एक ओळखीचे डॉक्टर. भिंतीकडच्या खुर्च्यांवर किशोरचे आईवडील. वडील पहिल्यांदाच शाळेत आले होते. हातातली टोपी सारखी फिरवत होते. भाऊंना बोलावलं. ते पांढरा सदरा घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून आले.

सचिवांनी विचारलं, "मुलाच्या मानेला आधी दुखापत तुमच्याकडे झाली?"

"हा. मनाकडे."

"तुमच्या हातून?"

"मनाच हातखाले."

मुख्याध्यापकांनी सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. दुसरा कुणी असता तर आधी 'पण' म्हणाला असता. भाऊंनी आधी आपलं ते कबूल केलं, आणि मग म्हणाले, "मी सरसले सांगेल व्हतं, त्याले लेऊ नका. सर सांगतीन."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. किशोरच्या आईनंही.

मी म्हणालो, "असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही."

"आणि मुलानं थांबायची खूण केली होती का? हात वगैरे आपटला होता?"

"नाही. मी तिथेच होतो."

इतकं सोपं होतं ते. सगळ्या गावाला माहीत होतं की भाऊंकडे मुलांना लागतं. भाऊंनीच तर दारोदार फिरून सांगितलं होतं. मास्टरकडे आजपर्यंत कुणाला काही झालं नव्हतं, असं मास्टर म्हणत होता.

भाऊ माझ्याकडे वळले. मला वाटलं ओरडतील. मुख्याध्यापकांना म्हणाले, "सरसले आठवत नही, ते मंग मी काय बोलू?" उठले, खुर्ची जिथे होती तिथे नीट सरकवली, आणि किशोरच्या आईपुढे जाऊन उभे राहिले. तिनं तोंड पदरात झाकून घेतलं. किशोरचे वडील म्हणाले, "जा बाबा तू. आमच्याम्होरून जा."

मान मुळात भाऊंकडेच मोडली होती असं चौकशीत ठरलं आणि फॅक्टरीच्या मालकानं शेड खाली करायला सांगितली. पोरांच्या बापांनी पोरं आधीच काढून घेतली होती. शिंप्याची बायको तेवढी भर रस्त्यात भांडली, पण तिचं कोण ऐकणार. ते गाव सोडून जायच्या आदल्या दिवशी मी सायकलवरून तिथून जात होतो. भाऊ एकटेच ती लोखंडी दारं उचलून बिजागऱ्यांत बसवत होते. एका माणसाचं ते काम नव्हतं. मी सायकल थांबवली नाही.

पुढच्या जूनमध्ये मी पर्यवेक्षक झालो.

मध्ये बरीच वर्षं गेली. नव्वदचं दशक अर्धं उलटल्यावर एका स्पर्धेला पंच म्हणून मी धुळ्याला गेलो होतो. परतताना बसस्थानकाजवळ चहाच्या टपरीवर भाऊ भेटले. एका दालमिलमध्ये राखणदारी करत होते. केस पूर्ण पिकलेले. ओळख दाखवावी की नाही, या विचारात मी होतो, तोवर त्यांनीच बाक पुसून मला जागा केली आणि चहा सांगितला.

"किशोरना हात कसा शे?" पहिलाच प्रश्न.

"बरा आहे," मी म्हणालो. मी त्या मुलाला शाळा सोडल्यानंतर पाहिलंही नव्हतं.

"बरा नही शे. मी मागला हप्ताले जाई उनू."

ते धुळ्याहून असोद्याला जायचे. अधूनमधून, सुट्टी मिळेल तसे. किशोरची आई त्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. ते समोर रस्त्यावर उभे राहायचे, किशोर ओट्यावर यायचा. भाऊ लांबून त्याला बोटं हलवायला सांगायचे, मनगट फिरवायला सांगायचे. कधी आई बाहेर येऊन पाणी फेकायची. मग परतीची बस धरायचे.

मी काय बोललो ते लिहायला आजही हात अडतो. मी म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही आणखी जोर लावून बोलायला पाहिजे होतं."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही मास्तर शेतस. मी फिटर. तुमनाम्होरे मन्हं कोन ऐकनार व्हतं?" मग ग्लास खाली ठेवून, हळू आवाजात, "सर, किशोर म्हनस, त्यानी हात आपटा व्हता. पोरगा खरं बोलस ना?"

त्यांना स्वतःसाठी काही नको होतं. मुलानं शिकवलेलं केलं होतं की नाही, एवढंच हवं होतं. टपरीवर आम्ही दोघंच होतो. तिथे हो म्हणायला मला काहीही लागलं नसतं.

मी म्हणालो, "माझी बस लागली."

त्यानंतर काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. एका विद्यार्थ्यानं चालता चालता सांगितलं, "सर, तो मान मोडणारा गेला म्हणे धुळ्यात." मी "असं का" म्हणालो.

कॉलनीतल्या बाकावरचं ते वाक्य ऐकल्यानंतर मला काही दिवस झोप लागली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. झोप मला लागते, नेहमीच लागत आली आहे. पण माझा नातू आता आठ वर्षांचा आहे आणि सुनेनं त्याच संध्याकाळी मला विचारलं, "बाबा, याला कुठल्या क्लासला घालू? तुम्हाला कळतं त्यातलं." मी तिला म्हणालो, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षानं असोद्याला गेलो.

घर शोधायला त्रास पडला नाही. ओट्यावरच किशोरचं छोटं दुकान आहे, मोबाइलचं रिचार्ज, वह्या, गोळ्या-बिस्किटं. पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टक्कल. उजवा हात अंगाशी दुमडलेला. त्यानं मला लगेच ओळखलं, डाव्या हातानं नमस्कार केला. "आई, शाळेचे सर आले."

म्हातारी बाहेर आली. पाणी दिलं, बसा म्हणाली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. भाऊ शाळेत येऊन सांगून गेले होते, तरी मी मुलाला स्टेजवर पाठवलं. त्यानं हात आपटला होता, मी पाहिलं होतं. आणि चौकशीत मी खोटं बोललो.

समोरच्या घराची बाई धुणं वाळत घालायचं थांबून ऐकत होती. मग किशोर म्हणाला, "ऐकलं ना, आई?"

"ऐकलं." ती माझ्याकडे बघतच नव्हती. "दवाखान्यात असताना हा रोज म्हने, आई मी हात आपटला व्हता. घरी आल्यावर म्हने. एक दिवस मी याच्या तोंडात मारली. असा निपचित पडेल पोराच्या तोंडात. म्हटलं, सर काय खोटं बोलतीन? तूच सांगितल्याप्रमानं केलं नसशीन. त्याच्यानंतर हा माझ्याम्होरं ते बोललाच नाही कधी." तिनं पाण्याचा पेला उचलून घेतला. "आनि त्या बुवाच्या अंगावर मी पानी फेकलं. त्यानं घर बाटवल्यासारखं."

मी म्हणालो, "ताई, मी माफी मागायला..."

"माफीचं मंग पाहू." ती उठली, गुडघ्यावर हात देत. "याचे बाबा आत खाटेवर हायेत. त्यायनं पोराशी धड बोलनं सोडलं तवापासून. म्हने, सोताच्या चुकीनं हात घालोला आनि दुसऱ्याचं नाव घेतो. चला आत."

आत अंधार होता. वडिलांच्या डोळ्यांना दिसत होतं, पण मी कोण ते त्यांना कळलं नाही. मी खाटेजवळ जाऊन सांगायला सुरुवात केली. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय म्हन्तो हा?"

"त्यायले कमी ऐकू येतं," मागून म्हातारी म्हणाली. "जोरानं सांगा."

मी जरा मोठ्यानं सांगितलं. बाहेर ओट्यावर माणसं जमल्याचा आवाज येत होता. कुणीतरी विचारलं काय झालं, कुणीतरी गप्प केलं. वडिलांनी कानामागे हात धरला आणि दारात उभ्या असलेल्या किशोरकडे बघितलं. "हा कोन आहे रे? तूच सांग, काय म्हन्तो तो?"

"नाही बाबा," किशोर म्हणाला. "सरायलेच सांगू द्या."

मी घसा साफ केला आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलांना हाक मारायचो त्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.